विकत घेतलेला फोन नेमका कोणाचा? : केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाच्या सचिवांना खुले पत्र

प्रति,
मा. सचिव,
ग्राहक व्यवहार विभाग, भारत सरकार,
कृषी भवन, नवी दिल्ली.

विषय : मोबाईल फोनच्या सुट्या भागांवर घातलेली सॉफ्टवेअरची कुलपे, आणि ॲपल कंपनीविषयी आमच्या भागात असलेल्या नाराजीची कारणे.

महोदय,

मी परभणी शहरात गेली एकोणीस वर्षे मोबाईल दुरुस्तीचे दुकान चालवतो. त्याआधी याच गाळ्यात माझे वडील रेडिओ, टेपरेकॉर्डर आणि पुढे टीव्ही दुरुस्त करीत असत. हे पत्र मी मुद्दाम मराठीत आणि सर्वांसमोर लिहीत आहे, कारण त्यातला प्रश्न जितका आपल्या विभागाचा आहे तितकाच तो रोज माझ्या काउंटरवर फोन ठेवून “हा नीट होईल का हो?” असे विचारणाऱ्या माणसांचा आहे.

ॲपलच्या फोनविषयी आमच्याकडे दोन टोकांची मते ऐकायला मिळतात. लातूरच्या ट्यूशन एरियात शिकणाऱ्या मुलांपासून छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतीत नुकतीच नोकरी लागलेल्या तरुणांपर्यंत अनेकांना आयफोन हवा असतो आणि तो हप्त्यावर घेण्याची त्यांची तयारी असते. दुसरीकडे, त्या कंपनीचे नाव काढले की ज्यांच्या कपाळाला आठी पडते असे लोकही कमी नाहीत. त्यात माझ्यासारखे कारागीर आहेत, संगणक शिकवणारे शिक्षक आहेत, आणि एकदा तो फोन वापरून पुन्हा साध्या फोनकडे वळलेले व्यापारीही आहेत. अशा लोकांना बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते, कोल्ह्याला द्राक्षे आंबट. परवडत नाही म्हणून नावे ठेवता, असे आम्हाला तोंडावर सांगितले जाते. हा आरोप मला मनापासून अन्यायाचा वाटतो, कारण आमच्या नाराजीचे मूळ किमतीत नाही. महाग वस्तू आमच्या भागात पूर्वीही येत होत्या. शेतकरी ट्रॅक्टर घेतो, लग्नात सोने घेतले जाते, आणि महाग आहे म्हणून त्या वस्तूंचा कोणी राग धरत नाही. राग येतो तो पूर्ण पैसे मोजून घेतलेली वस्तू पूर्णपणे आपली होत नाही याचा.

वडिलांच्या काळातल्या व्हॉल्व्हच्या रेडिओची मागची पुठ्ठ्याची पाठ काढली की आतल्या बाजूला त्या संचाच्या सर्किटची आकृती चिकटवलेली सापडत असे. कोणता रेझिस्टर किती ओहमचा, कोणत्या टोकाला किती व्होल्ट यायला हवेत, हे त्या पिवळ्या पडलेल्या कागदावर छापलेले असायचे. हा रेडिओ कधीतरी बिघडणार आणि आपल्या ओळखीपाळखीच्या नसलेल्या एखाद्या माणसाच्या टेबलावर जाणार, हे बनवणाऱ्या कंपनीला ठाऊक होते, आणि त्या अनोळखी माणसासाठी तिने तो कागद आत ठेवलेला होता. वडील फक्त सातवीपर्यंत शिकलेले होते, पण ते त्या कागदावर बोट फिरवत फिरवत बिघाडापर्यंत पोहोचायचे. त्यांनी जपून ठेवलेल्या तशा चार आकृत्या आजही माझ्या दुकानाच्या ड्रॉवरमध्ये आहेत.

आता याच्या शेजारी आयफोनची रचना ठेवून पाहावी. २०१० साली आयफोन ४ बाजारात आला तेव्हा त्याच्या तळाशी साधे फिलिप्सचे स्क्रू होते. काही महिन्यांतच त्यांच्या जागी पाच पाकळ्यांचा, पेंटालोब नावाचा स्क्रू आला, ज्याचा स्क्रूड्रायव्हर त्या वेळी सहजासहजी कोणाकडे नव्हता. आमच्या धंद्यात त्याला ‘पॉइंट आठचा स्टार’ म्हणतात, आणि आज तो कोणत्याही स्पेअर पार्टच्या दुकानात किरकोळ पैशांत मिळतो. म्हणजे स्क्रूचे कुलूप बाजाराने उघडले. त्यानंतर जे कुलूप आले ते लोखंडाचे नसल्यामुळे कोणत्याही बाजारात त्याची किल्ली मिळत नाही. फोनच्या महत्त्वाच्या भागांमध्ये एक बारीकशी चिप असते, तिच्यात त्या भागाचा क्रमांक असतो आणि मदरबोर्ड तो क्रमांक ओळखून ठेवतो. भाग बदलला आणि कंपनीच्या यंत्रणेने नव्या क्रमांकाला मान्यता दिली नाही, तर फोन मालकाला इशारा दाखवतो किंवा एखादी सोय बंद करतो. आयफोनमध्ये ही तपासणी आधी बॅटरीला लागू झाली, २०१९ च्या आयफोन ११ पासून डिस्प्लेला, आणि पुढच्या वर्षीच्या आयफोन १२ मध्ये कॅमेऱ्याला. २०२१ च्या आयफोन १३ मध्ये तर बाहेर डिस्प्ले बदलला की चेहरा ओळखून फोन उघडणारी फेस आयडीची सोयच बंद पडू लागली. मग जगभरातले कारागीर मायक्रोस्कोपखाली जुन्या डिस्प्लेवरची तांदळाच्या कणीएवढी चिप काढून नव्या डिस्प्लेवर बसवू लागले. बराच गाजावाजा झाल्यावर कंपनीने सॉफ्टवेअर बदलून ती अडवणूक काढली. काढता येत होती, याचा अर्थ ती अपरिहार्य नव्हती.

यापुढचा प्रसंग माझ्या स्वतःच्या दुकानातला आहे. तो सांगताना मी कोणत्याही कंपनीचे नाव घेणार नाही, कारण तो एका कारागिराचा अनुभव आहे आणि त्याची कोठे नोंद नाही. मागच्या वर्षी पावसाळ्यात एक मुलगी वडिलांबरोबर दुकानात आली. वडील जिंतूर तालुक्यातले शेतकरी, मुलगी बारावी करून प्रवेश परीक्षेची तयारी करणारी. महागड्या कंपनीचा तिचा फोन बसमधून उतरताना पडला होता आणि काचेला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडा गेला होता. माझ्याकडे त्याच मॉडेलचा, पाण्यात पडून मदरबोर्ड गेलेला एक सेट होता, आणि त्याचा डिस्प्ले अगदी ठणठणीत होता. म्हणजे त्याच कंपनीचा, त्याच कारखान्यातून आलेला अस्सल भाग. मी दोघांना तो सेट दाखवला, त्यांच्यासमोर त्यातून डिस्प्ले काढला आणि तिच्या फोनला बसवला. टच, रंग, उजेड सगळे नीट होते. फोन सुरू होऊन दोन मिनिटे झाली नाहीत तोच पडद्यावर सूचना आली की या भागाची खात्री पटवता येत नाही. मुलगी माझ्याकडे पाहून म्हणाली, “काका, हे काय दाखवायलंय? तुम्ही तर ओरिजनल म्हणले होते ना?”

मी पुन्हा सगळे समजावून सांगितले. तिला ते पटले असावे, पण तिच्या वडिलांची नजर मला अजून आठवते. त्यांनी ठरलेले पैसे मुकाट्याने दिले, मात्र जाताना एकदा त्या उघडलेल्या जुन्या सेटकडे आणि एकदा माझ्याकडे असे काही पाहिले, की एकोणीस वर्षे याच काउंटरवर उभा असलेला मी त्या क्षणी स्वतःच्याच दुकानात खोटा ठरलो. लहान गावातला धंदा विश्वासावर चालतो, महोदय. माझ्या हातात नसलेल्या एका संदेशाने तो विश्वास माझ्या ग्राहकासमोर मोडून टाकावा, हा अधिकार कोणत्याही उत्पादकाला कोणी दिला, हे मला आपल्याला विचारायचे आहे.

या कुलपांच्या बाजूने कंपन्या सुरक्षिततेचे आणि चोरीचे कारण देतात. ते कारण मी उडवून लावत नाही. बोटाचा ठसा किंवा चेहरा ओळखणारा भाग बदलताना काळजी घ्यायलाच हवी, आणि चोरीच्या फोनचे भाग काढून विकले जातात हे आम्हा कारागिरांइतके कोणाला माहीत असणार? परंतु सुरक्षिततेच्या नावाखाली काय घडू शकते, याचे उदाहरण न्यायालयाच्या नोंदीत आहे. आयफोन ६ च्या काळात ज्या ग्राहकांनी फोन बाहेर दुरुस्त करून घेतला होता त्यांपैकी अनेकांचे फोन, सॉफ्टवेअर अपडेट केल्यावर ‘एरर ५३’ दाखवून पूर्ण बंद पडले. ऑस्ट्रेलियात, तुम्ही दुसरीकडून दुरुस्ती करून घेतली आहे, आता आम्ही काही करणार नाही, असे कंपनीकडून त्यांतल्या किमान २७५ ग्राहकांना सांगण्यात आले. तिथल्या ग्राहक आयोगाने खटला भरला आणि जून २०१८ मध्ये न्यायालयाने ॲपलला ९० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. दुरुस्ती दुसऱ्याने केली एवढ्यावरून ग्राहकाचे कायदेशीर हक्क संपत नाहीत, हे तत्त्व त्या प्रकरणातून ठळक झाले. आपल्या देशात हे तत्त्व इतक्या स्पष्ट शब्दांत प्रत्येक फोनच्या खोक्यावर छापले जावे, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे.

बॅटरीचा विषय आमच्या भागासाठी याहूनही जवळचा आहे. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलने मान्य केले की जुन्या झालेल्या बॅटरीचे आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून सॉफ्टवेअरमधून त्यांचा वेग कमी केला जात होता. तांत्रिकदृष्ट्या त्या कारणात तथ्य होते. थकलेली बॅटरी एकदम जास्त विद्युतप्रवाह देऊ शकत नाही, हे मल्टीमीटर हातात धरणारा कोणीही सांगेल. संताप आला तो ही गोष्ट मालकापासून लपवून ठेवल्याचा. फोन हळू चालतो आहे एवढेच लोकांना दिसत होते, आणि नुसती बॅटरी बदलून भागले असते तिथे अनेकांनी नवा फोन घेतला. पुढे कंपनीने माफी मागितली आणि अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. फेब्रुवारी २०२० मध्ये फ्रान्सच्या यंत्रणेने अडीच कोटी युरोचा दंड केला, आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या सामूहिक दाव्यात, दोष मान्य न करता, ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड झाली.

आता हीच गोष्ट मराठवाड्याच्या उन्हात आणून पाहावी. शून्य ते ३५ अंश तापमानात फोन वापरावा, असे ॲपलच्याच सूचनांमध्ये लिहिलेले आहे. आमच्या परभणीत मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. पत्र्याच्या घरात, मोटारसायकलच्या हँडलवर, बांधावर उभे राहून ई-पीक पाहणीसाठी पिकाचा फोटो काढताना शेतकऱ्याच्या हातात फोन कितीचा तापत असेल, याचा हिशेब कॅलिफोर्नियात बसून होणार नाही. लिथियमची बॅटरी उष्णतेत लवकर झिजते. उन्हाळा सरता सरता फुगलेल्या बॅटऱ्यांचे सेट माझ्याकडे येऊ लागतात. डिस्प्ले फ्रेमपासून वर उचलला गेलेला असतो आणि माणूस विचारतो, “हे कशानं झालं?” त्यामुळे थंड देशात बॅटरी बदलणे ही क्वचित लागणारी गोष्ट असेल, पण आमच्याकडे ती फोनच्या आयुष्याचा नेहमीचा भाग आहे. तीच बॅटरी गोंदाने चिकटवून ठेवायची, तिच्या क्रमांकावर पहारा बसवायचा, आणि कंपनीचे स्वतःचे दुकान एप्रिल २०२३ मध्ये मुंबईत व सप्टेंबर २०२५ मध्ये पुण्यात उघडायचे, तर परभणी, हिंगोली किंवा धाराशिवच्या ग्राहकाने काय करावे? रात्रीच्या ट्रॅव्हल्सचे जाण्यायेण्याचे भाडे आणि एका दिवसाची बुडालेली मजुरी धरली, तर त्या बॅटरीची खरी किंमत कोणत्याही दरपत्रकात सापडणार नाही.

चार्जरबद्दल मी थोडक्यात लिहितो, कारण त्यावर खूप बोलून झालेले आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये आयफोन १२ च्या खोक्यातून चार्जर गेला आणि पर्यावरण हे कारण देण्यात आले. घरात जुना चार्जर असतोच, असा तो युक्तिवाद होता. पण नव्या खोक्यातल्या वायरचे एक टोक टाइप-सी होते आणि कंपनीच्याच बहुतेक जुन्या चार्जरना ते बसत नव्हते. ब्राझीलने २०२२ मध्ये चार्जरविना आयफोन विकण्यास बंदी घालून दंड केला. युरोपीय संघाने सर्व फोनना एकच चार्जर सक्तीचा करणारा कायदा त्याच वर्षी मंजूर केला, आणि २०१२ पासून चालत आलेले लाइटनिंगचे वेगळे छिद्र सोडून सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १५ टाइप-सी घेऊन आला. ॲप विकत घेण्याचा रस्ताही असाच एका दारातून जातो. त्या दारावर घेतल्या जाणाऱ्या ३० टक्क्यांपर्यंतच्या कमिशनबाबत आपल्याच देशाच्या स्पर्धा आयोगाने डिसेंबर २०२१ मध्ये चौकशीचा आदेश दिला होता. तो विषय आपल्या विभागाचा नसल्याने मी तो इथेच सोडतो.

ज्याला नावडते त्याने चांगलेही पाहावे, म्हणून हेही लिहिले पाहिजे. सप्टेंबर २०१५ मध्ये आलेल्या आयफोन ६ एसला २०२१ मधली नवी प्रणाली मिळाली. इतकी वर्षे सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपन्या त्या काळात फारशा नव्हत्या, आणि माझ्याकडे दोन-तीन वर्षांतच अपडेट बंद झालेले इतर कंपन्यांचे फोन ढिगाने येत असत. ग्राहकाची खासगी माहिती जपण्यासाठी २०१६ मध्ये ही कंपनी अमेरिकी सरकारसमोर उभी राहिली, याचाही मला आदर आहे. एप्रिल २०२२ पासून अमेरिकेत ग्राहकांना अस्सल भाग आणि दुरुस्तीची पुस्तिका मिळू लागली, आणि २०२४ मध्ये तिने नव्या मॉडेलमध्ये वापरलेले अस्सल भाग बसवण्याची वाटही मोकळी केली. हात चांगला असलेल्या माणसाने मूठ आवळून ठेवावी, याचे वाईट अधिक वाटते. तो फोन उघडल्यावर आतली मांडणी पाहून मी आजही क्षणभर थांबतो. इतक्या निगुतीने बनवलेली वस्तू दहा वर्षे चालली पाहिजे, असे कोणत्याही कारागिराला वाटेल.

पण वर लिहिलेल्या प्रत्येक सवलतीच्या आधीची घटना पाहिली, तर मला त्यात एकच क्रम दिसतो. कोठे न्यायालय होते, कोठे ग्राहक आयोग, कोठे कायदा, कोठे कायदा येण्याची चाहूल. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात भागांच्या जोडणीवरील सॉफ्टवेअरच्या कुलपांना बंदी घालण्याचे विधेयक आले, तेव्हा ॲपलने त्याला विरोध केला. मार्च २०२४ मध्ये तो कायदा झालाच, आणि वापरलेल्या भागांबाबतची वर सांगितलेली सवलत त्यानंतरच्या महिन्यात जाहीर झाली. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून फोनवर दुरुस्तीयोग्यतेचे, म्हणजे तो किती सहज दुरुस्त होतो याचे, गुण छापणे सक्तीचे केले. युरोपीय संघात जून २०२५ पासून नव्या फोनचे महत्त्वाचे सुटे भाग, त्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षे पुरवावे लागतात. तिथल्या ग्राहकाला जे मिळाले ते त्याच्या सरकारने मागितले म्हणून मिळाले.

आपल्या विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि तिच्या विषयांत शेतीच्या अवजारांबरोबर मोबाईलचाही समावेश केला, तेव्हा आम्हाला खरोखर आनंद झाला होता. त्याच वर्षी राष्ट्रीय ग्राहक दिनाला दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू झाले, आणि मे २०२५ मध्ये दुरुस्तीयोग्यतेच्या निर्देशांकाचा अहवाल आपल्याकडे सादर झाला. या कामाबद्दल मी विभागाचे मनापासून आभार मानतो. मात्र पोर्टलवरची माहिती वाचून माझ्या टेबलावरचा फोन उघडत नाही. निर्देशांक बंधनकारक व्हावा आणि त्यात नुसते भाग मिळतात की नाही एवढेच न पाहता, अस्सल भाग बाहेरच्या कारागिराने बसवल्यावर फोन पूर्ण क्षमतेने चालतो की नाही यालाही गुण असावेत. बॅटरी आणि डिस्प्ले यांचे अस्सल भाग जिल्ह्याच्या ठिकाणी, छापील दराने, कोणत्याही नोंदणीकृत कारागिराला विकत मिळावेत. आणि एखाद्या फोनमध्ये भागांवर अशी कुलपे असतील, तर ते विक्रीच्या वेळीच ग्राहकाला त्याच्या भाषेत सांगणे सक्तीचे असावे. त्या जिंतूरच्या शेतकऱ्याला हे दुकानात फोन घेतानाच कोणी सांगितले असते, तर कदाचित त्यांनी तोच फोन घेतला असता, कदाचित नसता. पण निर्णय त्यांचा झाला असता.

या विषयावर विभागाची पुढील बैठक होईल तेव्हा कंपन्यांच्या प्रतिनिधींबरोबर जिल्ह्याच्या गावातला एक तरी दुरुस्ती करणारा माणूस टेबलाशी बसवावा, अशी माझी विनंती आहे. बोलावल्यास मी स्वखर्चाने येईन, आणि येताना दोन फोन, एक स्क्रूड्रायव्हर आणि वडिलांच्या ड्रॉवरमधली एक सर्किटची आकृती बरोबर आणीन. दोन्ही फोनचे डिस्प्ले आपल्यासमोर अदलाबदल करून दाखवायला मला अर्धा तास पुरेल.

आपला नम्र,
एक मोबाईल दुरुस्ती कारागीर,
परभणी